जुईनगर ते उलवे, आक्काबरोबर

आमच्या मंडळातल्या बायकांना विमान जवळून बघायचं होतं. कोरेगावच्या आभाळातून ते रोज जातं, पण पांढऱ्या रेघेपलीकडं त्याचं काही हाती लागत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी बायकांच्या सहली काढते. कोल्हापूर झालं, गणपतीपुळे झालं, अक्कलकोट झालं. यंदा नवी मुंबईत नवा विमानतळ सुरू झाल्याचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि सहल तिकडंच न्यायची असं ठरून गेलं. विमान बघायचं, जमलं तर बोटीनं घारापुरीची लेणी, आणि खाडीत गुलाबी पक्षी येतात म्हणे, तेही.

गाडी करून गेलं की ड्रायव्हर नेईल तेवढंच बघायला मिळतं. म्हणून यंदा तिथल्या लोकांसारखं फिरायचं, रेल्वे, बस, मेट्रो, बोट, जे असेल त्यानं, असं माझ्या डोक्यात होतं. ते खरंच जमतं का, हे बघायला मी आधी एकटीच निघाले.

जुईनगर

उतरायला घर होतं. माझी मावसबहीण शोभा जुईनगरला राहते. मी तिला आक्का म्हणते. तिचे यजमान, आमचे दाजी, तरुणपणी साताऱ्याकडून इथं आले आणि कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी म्हणून लागले. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. आता पाठ सरळ होत नाही, साखरेचा त्रास आहे, आणि बोलणं मुळातच कमी. टीव्हीसमोरची खुर्ची आणि गॅलरीतली खुर्ची एवढाच त्यांचा प्रवास.

एसटीनं हायवेवर सोडलं तेव्हा आक्का पुलाखाली उभी होती. माझी पिशवी तिनं डाव्या हातानं घेतली. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. ते जुळलं, पण जोर गेला. घरी गेल्यावर तिनं बाजरीच्या भाकरी थापल्या त्याही डाव्या हाताला भार देऊन. खरडा मात्र आमच्याकडचा, डोळ्यांत पाणी आणणारा. एवढी वर्षं शहरात काढून तिच्या स्वयंपाकघरात कोरेगाव जसंच्या तसं होतं. सोसायटीत खाली कोकणातली माणसं, वर मराठवाड्यातली, शेजारी केरळची. जिन्यात प्रत्येक मजल्यावर फोडणीचा वास वेगळा.

जेवताना मी उलव्याचा विषय काढला. आक्काची एकुलती एक मुलगी पल्लवी लग्न होऊन उलव्याला गेली आहे. खाडीच्या पलीकडं, विमानतळाच्या अलीकडं. तिला ओवी नावाची वर्षाची मुलगी आहे. उलव्यालाच जायचं तर दोघी मिळून जाऊ, मी म्हणाले.

"लांब आहे गं ते," आक्का म्हणाली आणि वाटी घासायला उठली.

नकाशात मी पाहिलं होतं. लांब नाही. जुईनगरहून नेरूळ पुढचंच स्टेशन, तिथून उरणची गाडी, थोड्याच वेळात उलवे. आमच्याकडं कोरेगावहून साताऱ्याला रोज नोकरीला जाणारे लोक आहेत, त्यांना कोणी लांब म्हणत नाही.

रात्रीची जेवणं उरकल्यावर पल्लवीचा फोन माझ्याकडं आला तेव्हा खरी गोष्ट कळली. तिला विमानतळावर नोकरी मिळत होती, प्रवाशांना मदत करायच्या खिडकीवर. बाळंतपणात आधीची नोकरी सुटली होती. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. नवऱ्याच्या उरणकडच्या गोदामात पाळ्या, सासूबाई नाहीत, पाळणाघर बघितलं तर तिच्या पाळीच्या वेळेला ते उघडंच नसतं. आई दिवसा येऊन थांबली तरच जमण्यासारखं होतं. कायमची तिकडं राहायला आक्का जाऊ शकत नव्हती, कारण दाजी जुईनगर सोडायला तयार नव्हते.

"मावशी, मी विचारलं की आई म्हणते, लांब आहे," पल्लवी म्हणाली. "ओवी झाल्यापासून ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आली असेल. तेही बाबांच्या भाच्यानं गाडीतून आणलं म्हणून. मी आता विचारायचं सोडून दिलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच मला जास्त वाईट वाटलं.

बेलापूर

दुसऱ्या दिवशी मी आक्काला सरळ उलव्याला चल म्हणाले नाही. मेट्रो बघायला चल म्हणाले. तिनं एवढी वर्षं राहून मेट्रो पाहिली नव्हती.

बेलापूरला उतरलो. मेट्रोच्या स्टेशनात सरकत्या जिन्यापाशी आक्का थबकली. पदर सावरला, एक पाय पुढं केला, मागं घेतला. मागून येणारी कॉलेजची मुलगी थांबली, मग तिनं आक्काचा दंड धरला आणि दोघी एकदम चढल्या. वर पोचल्यावर आक्का हसत होती. मी मात्र पायऱ्यांनी गेले, धीर झाला नाही.

डबा थंडगार आणि जवळजवळ रिकामा. खारघरचे डोंगर खिडकीतून सरकत गेले, मधेच सिमेंटच्या इमारतींच्या पोटात एखादं जुनं गाव, कौलं, देऊळ, वडाचा पार. आक्का प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचत होती. पेंधरला रूळ संपले. आम्ही खाली उतरून इकडंतिकडं पाहिलं. रुंद रस्ता, दूरवर कारखान्यांची धुराडी, ऊन. इथून पुढं कुठं जाता येतं, असं मी दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारलं. पावसाळ्यात लोक खारघरच्या धबधब्यांना जातात, ते मागंच राहिले, असं तो म्हणाला. मग त्यानं जरा विचार करून सांगितलं की इथं चहा चांगला मिळतो. मिळाला. पिऊन त्याच मेट्रोनं परत आलो. मंडळासाठी मी मनात नोंद केली: बायकांना हे आवडणार, पण नुसतं बसून जायचं आणि बसून यायचं.

बोटीचा शोध जास्त अवघड निघाला. बेलापूरला धक्का बांधलाय आणि तिथून घारापुरीला बोट सुटते, असं मी वाचलं होतं. स्टेशनबाहेर पहिल्या रिक्षावाल्याला धक्का माहीत नव्हता. दुसऱ्याला माहीत होता, पण तिथून बोट सुटते हे माहीत नव्हतं. धक्का छान होता. स्वच्छ, मोठा, बसायला बाकं. माणूस मात्र एकच, खुर्चीवर बसलेला. त्यानं शांतपणे सांगितलं की प्रवासी जमले तर बोट सुटते, आज जमले नाहीत. शिवाय आता ओहोटी. मी विचारलं, उद्या? तो म्हणाला, फोन करून या. मी फोन नंबर मागितला, तर म्हणाला तो लागत नाही.

मी चिडणार होते, पण आक्का कठड्याला धरून समोर बघत होती. पाणी मागं हटलं होतं आणि काळा चिखल उन्हात चमकत होता. त्या चिखलाच्या कडेला गुलाबी पक्ष्यांची रांग होती. रोहित. चोची खाली घालून एकेक पाऊल टाकत होते, घाई म्हणून नाही. आणि त्यांच्या पलीकडं, पाण्याच्या दुसऱ्या काठाला, उंच इमारतींची दाटी.

"ते काय गं?" आक्कानं विचारलं.

ते उलवे होतं. नकाशावर खात्री करून मी सांगितलं. आक्काला पटेना. मग मी पल्लवीला फोन लावला आणि आम्ही कुठं उभ्या आहोत ते सांगितलं. ती ओवीला घेऊन गच्चीवर गेली. फोनवर वाऱ्याचा आवाज यायला लागला. पल्लवी म्हणाली, मी पिवळी ओढणी हलवतेय, दिसते का? आक्कानं डोळ्यांवर हात धरला. मीही बघितलं. एकसारख्या एवढ्या इमारती, कुठली कोणाची काय कळणार? आक्का मात्र बराच वेळ बघत राहिली, आणि मग फोनमध्ये म्हणाली, "हां, दिसली दिसली."

तिला काही दिसलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

दिवाळे

धक्क्याजवळच दिवाळे गाव आहे. भूक लागली होती म्हणून आम्ही चालत तिकडं गेलो. मासळी बाजार उठत आला होता. एक म्हातारी बाई उरलेला जवळा टोपलीत भरत होती. नाक्यावर जेवायला कुठं मिळेल, असं मी तिला विचारलं, तर तिनं आमच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कुठल्या गावच्या ते विचारलं. सातारा म्हटल्यावर तिला हसू आलं. पायपीट करून मासळीच्या गावात आल्या नि खानावळ शोधतात, असं काहीतरी ती शेजारणीला म्हणाली. मग टोपली डोक्यावर घेऊन चला म्हणाली. तिचं नाव काशीबाई.

दोन खोल्यांचं घर, ओट्यावर जाळं वाळत घातलेलं. तिच्या सुनेनं तांदळाच्या भाकरी केल्या, पांढऱ्याशुभ्र आणि पातळ. आमच्या बाजरीची सवय असलेल्या हाताला त्या कापडासारख्या वाटल्या. कांदा-कोकम घातलेला जवळा आणि वर कच्ची मिरची. आक्का आधी नको नको करत होती. नंतर तिनंच आणखी भाकरी मागून घेतली.

जेवताना काशीबाई स्वतःबद्दल बोलत होती. ती मूळची पलीकडची, उलव्याकडच्या गावातली. लग्न होऊन खाडीच्या या काठाला आली. वऱ्हाड होडीतून आलं होतं.

"भरती लागली का होरीत बसाचा, नी पानी उतराच्या आत घरी," ती म्हणाली. "माज्या आईनं हाक मारली तं मना ऐकू येल असा वाटायचा."

तिच्या माहेरचं गाव आता तिथं नाही. विमानतळासाठी सगळं उठलं. घरं, शेतं, मिठागर, देवीचं देऊळसुद्धा. भावाला दुसरीकडं जागा मिळाली, तिथं त्यानं दोन मजली घर बांधलं. पैसा मिळाला, मुलांना कामं मिळाली, तेही ती सांगत होती, नुसतं रडगाणं नव्हतं. पण होडी बंद झाली. समोर दिसणाऱ्या काठावर जायला आता पूर्ण वळसा.

"मग तुम्ही भावाकडं जाता की नाही?" आक्कानं विचारलं. दिवाळ्यात आल्यापासूनचा तिचा तो पहिला प्रश्न होता.

"जातंय की. दोन गाऱ्या बदलून जातंय. मना वाचता येत नाय, मी बायांना इचारतंय." काशीबाईनं आक्काच्या भाकरीवर आणखी जवळा वाढला. "तुजा कोन हाय तिकरं?"

आक्कानं मुलगी नि नात सांगितली. काशीबाईनं टोप बाजूला ठेवला.

"तुजी पोर त्या आंगाला हाय," ती म्हणाली, "नी तू या आंगाला माज्याकरं जेवतंस?"

सून गालात हसली. आक्काही हसली, पण घास तसाच हातात राहिला. जुईनगरला रिक्षातून उतरता उतरता, उद्या किती वाजता निघायचं एवढंच तिनं विचारलं.

उलवे

सकाळी आम्ही नेरूळला उरणच्या गाडीची वाट बघत बसलो. या गाड्या दिवसाला मोजक्याच. एक चुकली की बाकावर बैठक मारायची. आमची चुकली होती, कारण कोणत्या फलाटावरून सुटते हे शोधण्यात आम्ही जिने चढत-उतरत राहिलो.

शेजारी निळा गणवेश घातलेली बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला फोन आला, तिनं "जय भीम" म्हणून घेतला आणि कोणाला तरी गॅस बंद कर म्हणून सांगितलं. ती सविता. मूळ गाव परभणीकडं, राहायला दिघ्याला, उलव्यात एका मोठ्या सोसायटीत साफसफाईच्या कामाला. दिघ्याला स्टेशन झाल्यापासून तिचा एक रिक्षाचा फेरा वाचला होता. आधी ऐरोलीपर्यंत यावं लागायचं. ती हे अशा आनंदानं सांगत होती की जणू घराला नवी खोली काढली.

उतरल्यावर पुढं कसं जायचं, असं मी तिला विचारलं.

"पळायचं," सविता म्हणाली.

तिनं समजावून सांगितलं. स्टेशनबाहेरून एक लहान बस सगळ्या सेक्टरांतून फिरते. पण ती आपल्या वेळेला निघते, आणि गाडी कधी वेळेवर येते, कधी जरा उशिरा. फलाट लांब, मग जिना, मग भुयार. बायका डबे सांभाळत धावतात. पुढच्या दोघी-चौघींना बस मिळते, बाकीच्या चालत नाहीतर रिक्षानं. रिक्षावाला जवळचं भाडं घ्यायला तयार नसतो.

गाडी आली. पूल, खारफुटी, मग डोंगर फोडलेले कडे, आणि एकाएकी मोकळं आभाळ. उलव्यासाठी दोन स्टेशनं आहेत, त्यातल्या पल्लवीला जवळच्या स्टेशनात आम्ही उतरलो. सविता खरंच पळाली. वळून आम्हाला हात करून गेली. आम्ही भुयारातून वर आलो तेव्हा बसचं मागचं लाल दिव्याचं टोक तेवढं वळणावर दिसलं. सविता तिच्यात होती की नाही, कळलं नाही.

मग चालत निघालो. स्टेशन राजवाड्यासारखं, आणि त्याच्या दारातून बाहेर पडलं की पायी चालणाऱ्याचा विचारच कोणी केलेला नव्हता. रस्ता सहापदरी, कडेला खडी, अर्धवट खणलेलं गटार, इमारतींचं काम चालू असल्यानं डंपर धूळ उडवत जाणारे. आक्का माझ्या दंडाला घट्ट धरून चालत होती. गटारावर फळी टाकलेल्या एका जागी ती थांबली.

"हितं पडले होते," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. मागच्या वर्षी पल्लवीला न सांगता ती एकटी आली होती, ओवीसाठी शिवलेली दुपटी घेऊन. बस गेली होती. रिक्षा मिळाली नाही. चालताना मागून डंपर आला, ती कडेला सरली आणि फळीवरून गटारात गेली. कोणीतरी कामगारांनी वर काढलं. त्यांना तिनं स्टेशनवरच परत सोडायला लावलं. जुईनगरला जाऊन दाजींना सांगितलं की बाथरूममध्ये घसरले. दुपटी गटारातच राहिली.

"पोरीला कळलं असतं तर तिनं मनाला लावून घेतलं असतं. माझ्याकडं येताना पडली म्हणून," आक्का म्हणाली. "आणि ह्यांनी परत सोडलं नसतं. मग मी लांब आहे म्हणायला लागले. सोपं पडतं ते."

मी तिला म्हणाले, परत जायचं का? तिनं मान हलवली. फळी मी आधी ओलांडली, मग हात दिला.

पल्लवीनं दार उघडलं आणि आईला दंडाला धरून आत ओढलं. ओवीनं मात्र आजीकडं परक्यासारखं पाहिलं आणि भोकाड पसरलं. आक्का खाली चटईवर बसली, पिशवीतून डबा काढून झाकण वाजवायला लागली, ओवीकडं न बघता. बऱ्याच वेळानं ओवी रांगत आली आणि तिनं झाकण हिसकावून घेतलं.

पल्लवीनं पोहे केले. बोलणं मुद्द्यावर यायला वेळ लागला, आणि आलं ते पल्लवीच्या बाजूनं. तिनं आईकडं न बघता, कढईतले पोहे परतत सांगितलं की नोकरीला नाही म्हणून ती सोमवारी कळवणार आहे. आईनं टेन्शन घेऊ नये. ओवी शाळेत जायला लागली की बघू. तेव्हा कोणी कामाला बोलावलं तर बोलावलं.

आक्कानं पदरानं हात पुसले. मग आपलं उजवं मनगट पुढं केलं आणि सांगितलं, मघाशी मला सांगितलं होतं तसंच, फळीपासून दुपट्यांपर्यंत. पल्लवी गॅस बंद करून ऐकत राहिली.

"मला वाटायचं, तुला यायचंच नसतं," ती शेवटी म्हणाली.

"मला वाटायचं, तुला तसंच वाटू दे," आक्का म्हणाली.

मी उठून गॅलरीत गेले. आतून रडल्याचा आवाज येत होता, कोणाचा ते मी बघितलं नाही. तेवढ्यात डोक्यावरून विमान आलं. खरंच एवढं खाली की पोटावरची चाकं दिसली, खिडक्या मोजता आल्या असत्या. गॅलरीच्या काचा थरथरल्या. मी आक्काला हाक मारली. ती ओवीचे कान दोन्ही हातांनी झाकून धावत बाहेर आली. ओवीला त्या आवाजाची सवय होती. तिनं आजीचे हात कानांवरून काढले आणि विमानाला टाटा केला.

संध्याकाळी परतीला आम्ही बसथांब्यावर आलो. बस उभी होती, सुटायला वेळ होता. सविताही काम संपवून आली होती. आक्का सरळ पुढच्या दारापाशी गेली. मी तिला कधी अनोळखी माणसाशी आपणहून बोलताना पाहिलेलं नव्हतं. तिनं ड्रायव्हरला विचारलं की तुम्ही सकाळी गाडीसाठी थांबत का नाही.

ड्रायव्हर चाळिशीतला, दाढी वाढलेला, डब्यातली चपाती खात होता. त्याला राग आला नाही, जरा बुचकळ्यात पडला. त्याची वेळ डेपोतून ठरते, गाडीची रेल्वे ठरवते, दोघांनी एकमेकांना कधी विचारलेलं नाही, असं तो म्हणाला. आणि बस जिथं उभी करायची तिथून फलाट दिसत नाही. गाडी आली की नाही हे त्याला समजतच नाही.

"कोणी येऊन सांगितलं तर थोडं थांबेन की," तो म्हणाला. "जास्त नाही थांबता येणार, वरून फोन येतो. आणि दुसरा ड्रायव्हर असला तर मी सांगू शकत नाही."

सविता पुढं झाली. ती म्हणाली की आम्हाला वाटायचं, तुम्ही मुद्दाम सोडून जाता. तो म्हणाला, मला वाटायचं तुम्हाला रिक्षाच आवडते. दोघंही जरा ओशाळले. मग सवितानं त्याचा फोन नंबर घेतला. गाडी मागचं स्टेशन सोडेल तेव्हा ती त्याला फोन करणार होती. आक्काचा नंबरही सवितानं घेतला. डबा कुठला धरायचा, कोणत्या जिन्यानं उतरलं की भुयार जवळ पडतं, हे ती आक्काला सांगत बसली. गाडीत त्या दोघी शेजारी बसल्या आणि मी समोर, पाहुण्यासारखी.

पुन्हा जुईनगर

मंडळाला सांगण्यासारखं माझ्याकडं बरंच जमलं होतं. विमान नक्की दिसेल, तिकीट न काढता. रोहित दिसतील, ओहोटीची वेळ बघून जायचं. मेट्रोत बसायचं. लेण्यांना जायचं तर मुंबईच्या बाजूनंच जावं, इथल्या बोटीचा भरवसा धरू नये. जेवायला दिवाळ्यात काशीबाईंना आधी कळवलं तर तांदळाच्या भाकरी मिळतील. आणि फिरताना वाट चुकली तर बायकांना विचारायचं, त्या सांगतात.

आक्कानं त्या रात्री दाजींनाही मनगटाचं सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते. दाजी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पण सकाळी मी आवरून आले तर त्यांनी तिच्या चपलांचा तुटायला आलेला पट्टा बदलून आणला होता. चांभार कोपऱ्यावरच बसतो, पण तिथवरही ते कित्येक महिन्यांत गेले नव्हते.

पल्लवी नोकरीला हो कळवणार होती, आणि आक्का उलव्याची रोजची वाट करून बघायला एकटी निघाली. मी येते म्हणाले, तर तिनं नाही सांगितलं. तू काय रोज येणार आहेस का, असं विचारलं, आणि तिचं बरोबर होतं. पिशवीत पाण्याची बाटली, ओवीसाठी मऊ भात, नवीन दुपट्याचं कापड. जिना उतरून ती गेटबाहेर गेली आणि वळून वर पाहिलं नाही. दाजी गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसले. मी भांडी घासली, कपडे वाळत घातले. मंडळातल्या एका बाईचा फोन आला, विमान दिसलं का म्हणून. तिला मी काय उत्तर दिलं, मला आठवत नाही. आक्काची गाडी वेळेवर आली असेल का, सवितानं फोन केला असेल का, दुसराच ड्रायव्हर असला तर, त्या फळीपाशी ती काय करेल, एवढंच डोक्यात होतं. दाजींनी टीव्ही लावला नाही.

फोन वाजला तेव्हा आम्ही दोघंही उठलो. मी घेतला. मागं ओवीचा किरकिरा आवाज येत होता. पोचलीस का, बस मिळाली का, रस्ता कसा होता, असं मी एकदम विचारायला लागले.

"मिळाली," आक्का म्हणाली. "ठेव आता, हिला झोप आलीय."

आणि तिनं ठेवलाही.

दाजी माझ्या तोंडाकडं बघत होते. पोचली म्हणून मी सांगितलं. ते भिंतीला धरून हळूहळू स्वयंपाकघरात गेले आणि डब्यांची झाकणं उघडून बघायला लागले.

"म्हणजे आता दुपारचं आपलं आपणच बघायचं," ते म्हणाले, आणि कणकेचा डबा खाली काढला.